बदललं तेवढंच

पतसंस्थेचं ते पान मीच बांधलेलं.
नाव, पत्ता, मोबाईल,
वारसदार, नातं, अंगठा की सही,
एकूण एक्केचाळीस रकाने
आणि तळाशी एकच बटण: जतन करा.

एका चुकलेल्या वेलांटीसाठी
एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उचलून नेई ते,
खिळा बदलायचा तर
अख्खं घर ठेल्यावर लादल्यासारखं.

मे महिना. टिमकीत डांबर चपलेला चिकटून राहिलं.
काउंटरवर शेवंताबाई निनावे:
"काल त नंबर बदलवला जी पोरीनं,
आज जुनाच काहून येऊन राहिला?"

काहून, ते मला दोन दिवसांनी कळलं.
पहिल्या खिडकीत नंदिनी पराते मोबाईल दुरुस्त करते.
दुसऱ्या खिडकीत हेडाऊ काका
तेच पान केव्हाचं उघडून बसलेले,
पत्ता नीट करतात, चष्मा पुसतात,
चहा येतो, चहा जातो,
मग सावकाश बटण दाबतात.
आणि त्यांच्या पडद्यावरचा सकाळचा शिळा नंबर
नंदिनीच्या ताज्या नंबरावर जाऊन बसतो,
आपण कोणालाच उठवलं नाही
अशा चेहऱ्यानं.

"अख्खं लुगडं उसवतं का कोणी?"
हेडाऊ म्हणाले. त्यांचा बाप मागावर बसायचा.
"तुटला तेवढाच धागा सांधावा, पोरी."

मग मी तसं लिहिलं.
पान उघडताच प्रत्येक रकान्याची एक मुकी प्रत
बाजूला ठेवायची,
बटण दाबलं की दोघांना समोरासमोर उभं करायचं:
होतं काय? आहे काय?
फरक दिसला तर शेजारी पिवळा ठिपका,
आणि फरक तेवढाच पाठवायचा.

सोपं वाटलं होतं.
पण पराते आणि पराते यांतही फरक निघाला,
एकाच्या मागे न दिसणारी मोकळी जागा होती.
मराठी सात आणि इंग्रजी सात
एका बाकावर बसून ओळख दाखवेनात.
रिकामं सोडलेलं
आणि कधी कोणी विचारलंच नाही ते,
दोन्ही कोरे दिसतात, दोन्ही वेगळे असतात.
रात्री अकराला कूलरची टाकी भरता भरता
मी हे मशीनला समजावत होते
आणि आई आतून विचारत होती,
"कोणाशी भांडून राहिली वं?"

सोमवारी शेवंताबाईंचे दहा आकडे
एकटेच गेले, एकटेच पोचले.
चाळीस रकाने जागचे हलले नाहीत.

शनिवारी खिडक्या बंद झाल्यावर
मी मागे उभी राहून ठिपके तपासत होते.
हेडाऊंनी स्वतःचंच पान उघडलं.
वारसदार: प्रफुल्ल. नातं: मुलगा.
एकेक अक्षर खोडलं त्यांनी,
एका बोटानं, किल्ल्या शोधत शोधत लिहिलं: वैजयंती.
नातं: मुलगी.
दोन पिवळे ठिपके.

पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी शटर ओढत होतं.
त्यांचा हात माऊसवर होता.

मग वैजयंती खोडली, शेवटच्या वेलांटीपासून उलटी.
पुन्हा प्रफुल्ल,
जोडाक्षरासकट अगदी पहिल्यासारखा.
मुलगीवरून मुलगा.
एक ठिपका विझला, मग दुसरा.
बटण फिकं झालं.

"काहीच बदललं नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

होतं काय, आहे काय,
मी दोन्ही पाहिलं.
"नाही काका," मी म्हणाले.
बरोबरच होतं ते. मीच तसं लिहिलं होतं.
पाठवण्यासारखं काही नव्हतं
म्हणून काही गेलं नाही,
आणि ती चार मिनिटं ठेवायला
माझ्याकडे रकाना नव्हता.

त्यांनी तोंडाला दुपट्टा गुंडाळला,
खिशात कांदा आहे का ते चाचपलं
आणि उन्हात सायकल काढली.